घरचे ऐकतात का?

४, सोमवार

नवीन गठ्ठा आला. गठ्ठा म्हणायचं आपलं, कागद एकही नाही. एक्सेलची फाइल, आणि तिच्यात एकाखाली एक लोकांचं बोलणं. आपापलं चॅनल चालवणाऱ्या सहा बायका आहेत. कोणी शिवण शिकवते, कोणी गणित, एक नुसती झाडांशी बोलते. त्यांच्याखाली लोक जे लिहितात ते दर सोमवारी माझ्याकडे येतं. नावं सगळ्यांची पुसलेली. बायका म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी. लिहिणारे म्हणजे नुसते आकडे.

प्रत्येक कमेंटला गुण द्यायचे. शून्य म्हणजे निरुपद्रवी, चार म्हणजे धमकी. मी देते, पेन्सिल वेगळे देतो, मग जुळवून बघायचं. जुळले तर माझा थिसिस पुढे सरकतो, नाही जुळले तर मी पुन्हा पहिल्या ओळीवर. पेन्सिल म्हणजे माझ्याबरोबर रिसर्च करणारा मुलगा. उंच, बारीक, कानामागे कायम पेन्सिल, आणि ती त्याने वापरलेली कोणी पाहिलेली नाही.

गाइड मॅडमचे नियम दोनच. एक, त्या बायकांचं चॅनल बघायचं नाही, ऐकायचं नाही. दोन, गुण शब्दांना द्यायचे, हेतूला नाही. "लोकांच्या मनातलं ओळखायला लागलात की मानसशास्त्र संपलं," असं मॅडम म्हणतात, आणि स्वतःच हसतात.

नियम मला आवडतात. नियमाने चाललं की रात्री शांत झोप लागते. दिवसभर शिव्या वाचून घरी जाणाऱ्या मुलीला तेवढं पुरे.

६, बुधवार

आज लॅबमध्ये दुपारी डोळा लागला. दोष चौथीचा.

चौथी गोष्टी सांगते. दुपारी झोप न येणाऱ्यांसाठी, हळू आवाजात. मी एकही ऐकलेली नाही, ऐकणारही नाही, पण लोक इतकं लिहितात की गोष्टी मला तुकड्यातुकड्यांनी पाठ झाल्यात. एक गोगलगाय जिना चढते आणि प्रत्येक पायरीवर थांबून विसरते की आपण वर चाललोय की खाली. एक शिंपी ढगाला काजं करतो. रात्रपाळी करणारी एक नर्स लिहिते, "शिंपी दुसऱ्या बटणापाशी आला की मी गेलेली असते." तिला शून्य. तिच्यासारख्या शेकड्याने आहेत. मधूनमधून घाण आहेच, त्याला तीन, साडेतीन देता आले असते तर दिले असते.

डोळा लागला तेव्हा मी त्याच जिन्यावर होते. वरून कोणीतरी बोलत होतं, शब्द ओळखीचे, आवाज मात्र ऐकू येत नव्हता. नुसते ओठांचे आवाज, पाण्याखाली असल्यासारखे. पेन्सिलने टेबल वाजवून उठवलं. म्हणाला, "घोरत होतीस. त्याला किती गुण?"

एक गंमत. चौथीचे श्रोते लिहितात, "आज काठावरच राहिलो." आमच्या घरात अर्धवट झोपेला 'काठावर असणं' म्हणतात. बाबांनी काढलेला शब्द. दुपारी आडवे झाले की म्हणायचे, काठावर आहे, हाक मारू नका. मला आजवर वाटायचं हे फक्त आमचंच. तर तसं नाही, लोक सर्रास म्हणतात. शिकावं तेवढं थोडं.

९, शनिवार

घरी होते. वहिनीबरोबर चादरींच्या घड्या घातल्या. घडी घालताना दोघी समोरासमोर येतो, टोकाला टोक देतो, पुन्हा लांब जातो. या कामात माणसं खूप बोलतात असं माझं निरीक्षण आहे.

वहिनी म्हणाली, "तुम्ही त्या कमेंट वाचता, त्यातल्या बायकांना मदत होते का गं काही?"

म्हटलं, "पुढेमागे होईल. आधी मोजायला तर हवं."

"आणि समजा कोणी शिवी दिलीच नाही. गोड बोललं. पण भीती वाटली. तर?"

"कुणाला वाटली?"

"अशीच. माझी एक मैत्रीण आहे."

मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. भीती ही वाचणाऱ्याची, शब्द हा लिहिणाऱ्याचा. आम्ही शब्द मोजतो. चॅनलना जागा देणाऱ्या कंपन्याही तेच करतात, शिवी सापडली तर काढतात, अहो-जाहो केलेलं कोण काढणार? वहिनी ऐकत राहिली. तिचं एक चांगलं आहे, मध्ये बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा कुठल्याशा कार्यालयात फोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायची, त्याची सवय असेल. मागच्या वर्षी कंटाळा आला म्हणून सोडली नोकरी.

दादा बदलीच्या गावाहून आज यायचा होता, पुढच्या आठवड्यावर गेलं. घरातला फोन वाजला तर आई उठायच्या आत वहिनीने धावत जाऊन उचलला. चुकीचा नंबर निघाला. नवऱ्याच्या फोनची किती ती ओढ, म्हणून मी चिडवलं. ती हसली नाही. चादरीची माझ्या हातातली घडी सोडवून तिने पुन्हा घातली.

११, सोमवार

पेन्सिलशी कडाक्याचं भांडण. चौथीखाली एका कमेंटवरून. जशीच्या तशी उतरवते:

"अहो ताई, किती गोड आवाज. पूर्वीपासून ओळखतो हा आवाज. घरचे ऐकतात का?"

मी दिलं शून्य. पेन्सिलने दिले चार. शून्य आणि चार! इतका फरक आमच्यात शिवीवरूनही पडला नव्हता.

मी म्हटलं, "दाखव, धमकीचा शब्द कुठे आहे. 'अहो' म्हटलंय. 'ताई' म्हटलंय. 'गोड' म्हटलंय."

"म्हणूनच. मला कोणी असं लिहिलं तर मी आधी दाराची कडी लावून घेईन."

"तू घाबरट आहेस, तो तुझा प्रश्न. घरच्यांची चौकशी करणं गुन्हा आहे का? माझी आई येणाऱ्याजाणाऱ्याला तेच विचारते."

तो म्हणाला, "तुझी आई विचारते तेव्हा समोर उभी असते." मग त्याने कानामागची पेन्सिल काढली, बघितली आणि परत ठेवली. त्याच्या लेखी हा भयंकर राग असावा.

उद्या मॅडमकडे.

१२, मंगळवार

जिंकले. मॅडमनी कमेंट दोनदा वाचली, चष्मा काढला, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "नियमाने शून्य." पेन्सिलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मॅडम 'नियमाने' जरा हळू म्हणाल्या, पण म्हणाल्या.

घरी येऊन जेवताना आईला आणि वहिनीला सगळा किस्सा सांगितला, अगदी साभिनय. नाव-गाव काही नाहीच त्यात, त्यामुळे सांगायला हरकत नव्हती. कमेंट म्हणून दाखवली, पेन्सिलच्या कडीचं सांगितलं, मॅडमचा चष्मा सांगितला. आई एरवी माझ्या रिसर्चच्या गोष्टींना "हं, हं" करते आणि वाढत राहते. आज तिचा हात थांबला.

"पुन्हा म्हण बघू. काय लिहिलं त्याने?"

मी पुन्हा म्हटलं.

"आणि त्याला शून्य?"

"नियमाने, आई."

वहिनी पाणी आणायला आत गेली. बराच वेळ आली नाही. पाणी टेबलावर होतंच.

१५, शुक्रवार

घराला काय झालंय कळत नाही. सगळं हळू चालल्यासारखं वाटतं. दुपारी लवकर आले तर उन्हाचा चौकोन जमिनीवर आणि मागच्या खोलीचं दार सताड उघडं. एरवी दुपारी वहिनी ते लावून बसते. तिथे गाद्या-रजयांचं कपाट आहे, ते आवरते म्हणते. वर्षभर आवरतेय. आज रजयांच्या ढिगाला टेकून नुसती बसली होती. मी विचारलं, बरं नाहीये का? म्हणाली, "घसा बसलाय." बोलली तर घसा ठणठणीत होता.

आईचंही बिनसलंय. बाबा गेल्यावर तिची दुपारची झोप उडाली होती, ती या वर्षभरात कुठे परत आली होती. जेवण झालं की कानात हेडफोन घालून आडवी व्हायची, बातम्या ऐकते म्हणायची. बातम्या ऐकून झोप येणारी बाई जगात एकच असेल. तर या आठवड्यात तीही नाही. हेडफोन घालते, काढते, कूस बदलते. उठून येऊन वहिनीशेजारी बसते. मी मध्ये जाऊन एक विनोद केला, तो दोघींच्या डोक्यावरून गेला.

दोन बायकांचं भांडण झालं असेल तर मला त्यात पडायचं नाही.

१८, सोमवार

चौथी बंद झाली.

आज गठ्ठ्यात तिच्याखाली नवीन गोष्टीबद्दल काहीच नाही, नुसत्या हाका. "ताई कुठे आहात?" "आठवडा झाला." नर्स लिहिते, "शिंप्याला सांगा, शेवटचं काज राहिलंय." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलंय की त्यांनी जुन्या गोष्टी पुन्हा लावून बघितल्या, पण त्या संपतात हे माहीत असल्यामुळे झोप येत नाही.

आणि तो 'अहो ताई'वाला. पुन्हा एकदा, तितकाच नम्र: "उत्तर दिलं नाहीत. घरचा नंबर आहे माझ्याकडे. सासूबाईंना ऐकवू का एखादी गोष्ट? त्यांनाही आवडेल."

माझा हात शून्यावर गेला आणि तिथेच राहिला. शिवी नाही. धमकीचा शब्द नाही. 'आवडेल' आहे. तरी शून्य देववेना. मी ती ओळ रिकामी सोडली. आजवर एकही ओळ रिकामी सोडली नव्हती. पेन्सिलला कळू नये म्हणून फाइल मिटली आणि डोकं टेबलावर ठेवलं. डोळ्यांपुढे तोच जिना आला, पण वर कोणी नव्हतं.

मी हे का लिहितेय? मला न दिसलेली, न ऐकलेली बाई. बंद झाली तर झाली. माझ्या थिसिसला तिच्या एवढ्या कमेंट पुरतील. पण मला फार वाईट वाटलं, हे खरं.

घरी सांगितलं. चौथी बंद झाली म्हटलं, दुसरी कमेंटही सांगितली. वहिनी उठून गेली. आईने मात्र मला पुन्हा म्हणायला लावलं, शाळेत कविता म्हणायला लावतात तसं, हळूहळू, शब्द न गाळता.

२१, गुरुवार

आईला अचानक मोबाइलवर लिहायला शिकायचंय. मावशीला उत्तर द्यायचंय म्हणे. इतकी वर्षं ती बोलून पाठवायची, लिहायला सांगितलं की "माझी बोटं जाड आहेत" म्हणायची. आज दुपारी शेजारी घेऊन बसली.

आईचं लिहिणं म्हणजे थाट असतो. एक बोट, डोळे बारीक, प्रत्येक दोन शब्दांनंतर पूर्णविराम. शेवटी 'कळावे'. मी म्हटलं, "आई, मेसेजला 'कळावे' नसतं लिहायचं." म्हणाली, "मग त्यांना कळणार कसं?" जन्मभर शाळेच्या ऑफिसात पत्रं लिहिली तिने, आता ते हाडात गेलंय.

मग म्हणाली, "आणि कोणाच्या बोलण्याच्या खाली लिहायचं झालं तर? सगळ्यांना दिसेल असं?" तेही दाखवलं. मावशी कसलं काय टाकत असते कोण जाणे. आईने एकदा करून दाखवलं, चुकली, पुन्हा केलं. मग मला म्हणाली, "जा आता तू, चहा टाक." मला हाकलल्यासारखंच वाटलं.

२४, रविवार

दादा येऊन गेला. म्हणाला, घर किती शांत झालंय. वहिनीने त्याच्यासमोर चेहरा नीट ठेवला होता, तो बघून मलाच थकायला झालं. त्याला दारापर्यंत पोचवून आली आणि म्हणाली, "तू इतकी शिकलीस, तुला एक विचारू?" मी म्हटलं, विचार. तिने दाराला कडी लावली, लागली का ते पुन्हा बघितलं. "नको, जाऊ दे," म्हणाली.

विचारायला हवं होतं मी. पण मला जांभई आली आणि ती आत गेली.

२५, सोमवार

सकाळी अकरा वाजता फाइल उघडली. चौथीखाली हाका वाढल्यात. 'अहो ताई'वाल्याच्या पहिल्या ओळीखाली, 'घरचे ऐकतात का' त्याच्याखाली, कोणीतरी उत्तर दिलंय. आकडा नवीन. याआधी कधी लिहिलेलं नाही.

"हो. ऐकतो. सगळे. रोज दुपारी. तुमची काय अडचण. तुम्हाला काही निरोप असेल. तर घरी येऊन सांगा. चहा ठेवते. कळावे."

मी एकदा वाचलं आणि हसले. दुसऱ्यांदा वाचताना हसू गेलं. मग कितीतरी वेळ त्या 'कळावे'कडे बघत बसले. आणि मग एकेक गोष्ट आपली आपण येऊन माझ्यासमोर बसायला लागली. काठावर. रजयांचं कपाट. फोन उचलायला धावणं. आईच्या बातम्या. घसा. चादरीची घडी घालताना समोर आलेला वहिनीचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याला मी दिलेलं व्याख्यान. तिला मी दोनदा सांगितलं होतं की तिच्या भीतीला शून्य गुण आहेत. दुसऱ्यांदा तर साभिनय.

त्या उत्तराला गुण द्यायचे होते, ते दिले. पेन्सिलनेही त्याच्या टेबलावर दिले होते. जुळवून बघितलं. शिवी नाही, धमकीचा शब्द नाही, चहा आहे. दोघांचेही चार.

"या बाईला मी घाबरतो," पेन्सिल म्हणाला.

म्हटलं, "घाबर. माझी आई आहे." आणि मग मला रडू आलं. त्याने कानामागची पेन्सिल काढून मला दिली. रुमाल नव्हता त्याच्याकडे, काहीतरी द्यायला हवं म्हणून.

तशीच उठून बसस्टॉप गाठला. घरी आई आणि वहिनी मागच्या खोलीत होत्या. वहिनीचे डोळे सुजलेले, पण चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. आईने तिला सकाळीच सांगितलं होतं. शेजारणीने वर्षापूर्वी आईच्या मोबाइलवर लावून दिली होती एक गोष्टीवाली बाई, झोप येईल म्हणून.

"दोन वाक्यांत ओळखली मी," आई म्हणाली. "दिवसभर घरात जिचा आवाज ऐकते ती ओळखायला येणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत, आई?" वहिनीने विचारलं.

"तू सांगितलं नाहीस, मी कशाला विचारू? माणूस दार लावून काही करत असेल तर आपण बाहेर बसावं." मग म्हणाली, "यांच्यामागे दुपारी पहिल्यांदा झोपले ती तुझ्या आवाजावर. 'काठावर' म्हणालीस तू त्यात. यांचा शब्द. मला तर वाटलं घरात कोणीतरी परत आलं."

तो माणूस वहिनीच्या तक्रारींच्या कार्यालयातला वरिष्ठ. कंटाळा वगैरे काही नव्हता, त्याच्यापायी तिने नोकरी सोडली होती. तिला भीती वाटत होती ती त्याची कमी आणि आमची जास्त. लोक गोष्टींखाली काय काय घाण लिहितात ते घरच्यांनी वाचलं तर म्हणतील, असलं काय कुजबुजतेस तू. दादाला काय वाटेल.

"त्याला मी बघते," आई म्हणाली. "माझंच पोर आहे ते."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "आता किती दिलेस?"

"त्या 'अहो ताई'वाल्याला चार. दोन्ही वेळचे. मॅडम काही म्हणोत." मी तिच्याशेजारी बसले. "वहिनी, मला कळायला हवं होतं. मी समोर उभी होते आणि मला कळलं नाही."

"आणि आईंना किती?"

"आईला पण चार."

वहिनी हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून. आई विचारत राहिली, चार म्हणजे चांगले की वाईट, आणि आम्हाला दोघींना सांगता येईना.

२६, मंगळवार

मॅडमना सगळं सांगितलं. ओळखीच्या माणसाच्या कमेंटना गुण देता येत नाहीत, रिसर्चचा नियमच आहे. चौथीच्या सगळ्या कमेंट माझ्याकडून काढून घेतल्या. थिसिसचा मोठा लचका गेला. त्या पेन्सिलकडे जातील, आणि माझ्या जागी दुसरं कोणीतरी. गुण शब्दांना, हेतूला नाही, हा दुसरा नियम मात्र पुन्हा लिहायला घेऊ म्हणाल्या. शून्य देताना त्यांनाही त्या दिवशी बरं वाटलं नव्हतं, हे त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं. तक्रार कुठे, कशी करायची ते पेन्सिलने शोधून ठेवलंय. दोन्ही कमेंट छापून घेतल्यात. उद्या आम्ही तिघी जाणार आहोत, आईला थांबवणं कोणाच्या हातात नाही.

निघताना मॅडमनी हाक मारली. "अगं, चौथी आता तुझ्याकडे नाही. म्हणजे तू ऐकू शकतेस."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी घरी आले. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. आई आत सतरंजी टाकून आडवी, हेडफोन उशाशी पडलेले. वहिनी रजयांच्या कपाटात डोकं घालून बसली होती. आवाज घुमत नाही म्हणे तिथे. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं आणि सरकून जागा केली. मी आईला टेकून पडले.

मग ती बोलायला लागली. रोज मला जेवायला हाक मारते तोच आवाज, फक्त जरा हळू. म्हणाली, दोन आठवडे शिंपी आजारी होता, आता बरा आहे. ढग खिडकीशी येऊन थांबलाय. शेवटचं काज राहिलंय ना, म्हणाली, सुईत दोरा घालून देते मी, तुम्ही काठावर या.

काजाचं पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही. आईनेही ऐकलेलं नाही. जाग आली तेव्हा उन्हाचा चौकोन भिंतीवर चढला होता आणि वहिनी चहा घेऊन दारात उभी होती.